लाल काचेतला आकडा

एकशेवीसच्या रोलात बारा फोटो निघतात, तेरावा निघत नाही. आज हे कुणाला सांगायचं तर आधी रोल म्हणजे काय ते सांगावं लागेल. पण सत्तरनंतरच्या त्या वर्षांत सांगलीत ज्याच्या गळ्यात कॅमेरा होता त्याला हे पाठ असायचं. मलाही होतं. त्यामुळे खाणीवर त्या दिवशी जे घडलं ते अजाणतेपणी घडलं असं म्हणायची सोय मला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांचा होतो आणि नाकावर राग घेऊन हिंडत होतो. घर कुंडलचं, उसाचं. थोरला भाऊ फौजेत, धाकट्याने शेती धरली, आणि मधला मी सांगलीत मामांच्या स्टुडिओत फोटो काढायला लागलो. वडील आल्यागेल्याला सांगायचे, “आमचं मधलं थोबाडं काढतंय माणसांची.” मला खरं तर थोबाडांचाच कंटाळा होता. बारसं, लग्न, पासपोर्ट, पुन्हा बारसं. मला पडकी बांधकामं आवडायची. ढासळलेली कमान, छप्पर उडालेली भिंत, असलं काही दिसलं की मी सायकल थांबवायचो. पुण्याच्या एका मासिकाने भग्न वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा लावली होती. तिचं कात्रण माझ्या खिशात घडी मोडेपर्यंत राहिलं होतं.

स्टुडिओत आमची एक युक्ती असायची. एखादा फुकट्या ओळखीचा ‘आपला एक काढ की’ म्हणून मागे लागला की मामा रोल नसलेला कॅमेरा उचलायचे, “हसा” म्हणायचे आणि खटका दाबायचे. त्याला आम्ही ‘कोरा’ म्हणत असू. तो माणूस खूश होऊन जायचा. पुढे फोटो मागायला आलाच तर “तुमचे डोळे मिटले होते हो” असं सांगायचं. मला ते भलतंच गमतीचं वाटे.

एका दुपारी मुंडासं बांधलेले एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे असं नंतर कळलं. ते म्हसवडकडचे. खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

म्हसवडच्या अलीकडे एका माळावर दगडाची मोठी खाण होती. धरणाच्या कामाला तिथून दगड जायचा. खाणीवर राबणाऱ्या बारा कुटुंबांनी तिथेच एका ओळीत घरं बांधली आणि दहाएक वर्षं संसार केले. मग काम संपलं, ठेकेदार गेला, माणसं पांगली. कुणी दुसऱ्याच्या बांधावर खोप घातली, कुणी मेंढरामागे गेलं. आता शेजारच्या गावठाणात घरासाठी जागा मिळणार होत्या, पण खाणीवर राहत होतो हे सिद्ध केलं तरच. तलाठ्याने जाऊन पाहणी केली आणि लिहून टाकलं की दगडी भिंती आहेत, दारं नाहीत, चौकटी नाहीत, उंबरे नाहीत. हे जनावरांचे गोठे असून मनुष्यवस्तीची खूण आढळत नाही.

“दारं कुठनं आसतील?” तात्या म्हणाले. “जाताना आमी चौकटी काढून न्हेल्या की वं.”

तिकडची रीतच तशी होती. घर सोडायचं झालं तर उंबऱ्यासकट चौकट उचलायची. ज्या उंबऱ्यावर रोज हळदकुंकू वाहिलं, जो ओलांडून सून आत आली, तो मागे टाकायचा म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला टाकून जाण्यासारखं. ज्यांनी रीत पाळली त्यांच्याच घरांचे असे गोठे झाले होते.

त्यावर तात्यांनीच तोड काढली होती. बाराही घरांनी आपापली चौकट खाणीवर न्यायची, जुन्या जागी बसवायची, तिच्यात घरच्यांनी उभं राहायचं आणि फोटो काढायचा. “उंबऱ्यात मानूस हुबं ऱ्हायल्यावर त्येला गोठा कोन म्हनंल?” परवा प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. आणि वेळ फक्त उद्याच्या सकाळचा होता. कारण खाण एका नव्या ठेकेदाराने रस्त्याच्या खडीसाठी घेतली होती, रोज दुपारी बाराला सुरुंग उडत होते, त्या हादऱ्याने भिंती बसत चालल्या होत्या, आणि परवापासून तो त्या भिंतींचेच दगड उचलणार होता. मुकादमाच्या हातापाया पडून तात्यांनी ती एक सकाळ मागून घेतली होती.

त्या दिवसांत रोल सहज मिळत नसत. मामांच्या कपाटात एकच शिल्लक होता. “बारा घरं, बारा फोटो,” मामा म्हणाले. “बरोब्बर आहे. हात कापू देऊ नकोस म्हणजे झालं.”

मी त्याच संध्याकाळी एस.टी.ने म्हसवडला पोचलो, सिद्धनाथाच्या देवळाच्या ओवरीत अंग टाकलं आणि तांबडं फुटायच्या आत चालायला लागलो. तात्यांनी आठची वेळ दिली होती. साडेसहालाच मी माळावर होतो.

ती ओळ बघितली आणि माझं भानच गेलं. काळ्या दगडाची घरं, एकाला एक लागून, वर छप्पर नाही, आत तण माजलेलं. दारांच्या जागी नुसती भगदाडं. मी मोजली, अकरा भरली. अलीकडच्या टोकाला, बाराव्याच्या जागी, दगडांचा ढिगारा होता. बारावं पडलंय, म्हणजे त्याचा फोटो नको, असं मी मनातल्या मनात ठरवून मोकळा झालो. कुणाला विचारावं असं वाटलंसुद्धा नाही. एक फोटो शिल्लक राहत होता, आणि तो माझा होता.

सूर्य वर आला तसा अकराही रिकाम्या दारांतून उजेड एकदम आत शिरला. मी जमिनीवर पालथा पडलो, ढिगारा पुढे घेतला, त्याच्यामागे ती सगळी ओळ घेतली आणि श्वास धरून खटका दाबला. आमच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर नखाएवढी लाल काच होती. फोटो झाला की बाजूची चावी फिरवायची आणि त्या काचेत पुढचा आकडा येईपर्यंत बघत राहायचं. मी चावी फिरवली. दोन आला. मला इतका आनंद झाला होता की मी एकटाच हसलो. स्पर्धा मारली, असं वाटलं.

आठाच्या सुमाराला बैलगाडी आली. गाडीत चौकटी रचलेल्या, बाभळीच्या, जाड, काळ्या पडलेल्या. काही बायांनी डोक्यावर आणल्या होत्या. पुरुषांनी धुतलेले सदरे घातले होते. सगळे मुकाट्याने माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि मला शहाणपण सुचलं. मी भाषण ठोकलं. “हे बघा, रोलात बारा फोटो असतात. बारा म्हणजे बारा. कुणी हललं, डोळे मिटले, तर परत काढता येणार नाही. माझ्याकडे दुसरा रोल नाही. कळलं?”

“कळलं,” तात्या म्हणाले.

मग पलीकडच्या बाजूने मुकादम आला. कमरेला शिट्टी, हातात लाल निशाण. “साडेअकराला शिट्टी मारीन,” तो म्हणाला. “पावनेबाराला मागल्या टेकाडाआड सगळी पायजेत. मग कुनाचं काय बी ऱ्हाऊ द्या.” आणि तो गेला.

चौकटी उतरवायला लागले तशा मी त्या सहज मोजल्या. अकरा. मला बरं वाटलं. तेवढ्यात ढिगाऱ्यामागून एक बाई उठून आली. चाळिशीची असेल, कपाळ मोकळं, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर आडवी चौकट. ती गाडीबरोबर आलीच नव्हती. ढिगाऱ्याशी आली आणि चौकट उतरवून तिच्याशेजारी उकिडवी बसली.

“ह्या कोण?” मी तात्यांना विचारलं.

“बारावं घर हिचं. त्यो ढीग हाय न्हवं, त्योच. मालक सुरुंगात गेला हिचा, हितंच. भिंती गेल्या साली बसल्या. पर चौकट हाय की. ढिगावर हुबी करू.”

बारा घरं होती आणि माझ्याकडे अकराच फोटो उरले होते.

आता वाटतं, तिथेच सांगून टाकायला हवं होतं. तेव्हा वेळ होता, मार्ग निघाला असता. पण नुकतंच ते भाषण ठोकलं होतं. तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता, की पावनं, तुमी पयला फोटू कशाचा काढला? मी मूग गिळून बसलो आणि दुसरी पळवाट शोधली. शेजारच्या दोन घरांत दोन सख्खे भाऊ राहत होते. मी म्हटलं, “तुम्हा दोघांचा एकत्रच काढू, मोठा छान येईल.”

थोरला भाऊ एकदम ताठ झाला. “न्हाई जमायचं. एका फोटूत दोन दारं दिसली की सायेब म्हननार येकच घर, दोन खोल्या. मग जागा बी येकच. आमची वाटनी झाल्याली हाय.”

त्याचं बरोबर होतं. मी मुद्दाम पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे तिची पाळी शेवटी येईल. तोवर काहीतरी होईल. कुणीतरी येणार नाही, एखादी चौकट बसणार नाही. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं मी त्या सकाळी मनापासून इच्छिलं, हे लिहायला आजही लाज वाटते.

चौकट बसवायला वेळ लागायचा. दोघे उचलायचे, तिसरा खालून दगडाची चीप सारायचा, बाई उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायची, मग घरचे आत उभे राहायचे. चौकट बसली की भगदाडाचं दार व्हायचं, आणि ते बघताना मी माझा घोर क्षणभर विसरायचो. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर, गणेशपट्टीवर, तीन पाकळ्यांचं एक फूल कोरलेलं होतं, प्रत्येक चौकटीवर तेच. जुन्या ठेकेदाराच्या सुताराची खूण, तात्या म्हणाले. मी खटका दाबायचो, चावी फिरवायचो, लाल काचेत बघायचो. तीन. चार. पाच.

सातव्या घराला चौकट आत सारताना वरचा एक दगड सरकला. “सरका! सरका!” कुणीतरी ओरडलं. चौकट धरलेला माणूस जागचा हलला नाही, कारण तो हलला असता तर चौकट मोडली असती. दगड त्याच्या खांद्याला घासून खाली पडला. सदरा फाटला, रक्त आलं. त्याने खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. “काढा लवकर,” तो मला म्हणाला. त्या फोटोत त्याची मान किंचित कललेली आहे, आणि सदऱ्यावरचा डाग काळा दिसतो.

ती बाई आपल्या ढिगाऱ्यावरून हलली नव्हती. माझ्याकडे बघत होती. प्रत्येक खटक्याला तिचे ओठ किंचित हलत. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल.

साडेअकराची शिट्टी झाली तेव्हा अकराव्या घराचे लोक चौकटीतून बाहेर पडत होते. मी चावी फिरवली. काचेत आकडा आला नाही, नुसता कोरा कागद सरकत गेला. रोल संपला.

“आवं पावनं, हिकडं,” तात्या ढिगाऱ्यावरून हाका मारत होते. चौघांनी मिळून दगडांत खाच करून चौकट उभी केली होती, दोन्ही बाजूंनी धोंडे लावून. मागे भिंत नाही, बाजूला भिंत नाही. माळावर नुसतंच एक दार. ती उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून आत उभी राहिली, पदर सारखा केला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मुकादम लांबून निशाण हलवत शिव्या घालत होता. बैल सोडून आधीच टेकाडाआड नेले होते. सगळी माणसं एक डोळा माझ्यावर आणि एक डोळा त्या निशाणावर ठेवून उभी होती.

मी चाप चढवला आणि खटका दाबला. कोरा.

“झालं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

चौकटी उचलून सगळे टेकाडाआड पळाले आणि मग मी ते बघितलं. सुरुंग लागायच्या आधी तिकडून मुकादमाने आरोळी दिली, “सात हायती रं, सात!” आणि इकडे सगळी माणसं चिडीचूप झाली. पहिला आवाज झाला, पायाखालची जमीन थरथरली, आणि म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “येक.” दुसरा झाला. “दोन.” वरून खडे पडत होते, माणसं डोक्यावर हात घेऊन मोजत होती. खाणीवरचा नियमच तो. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे आवाज मोजायचे. एक जरी कमी भरला तर आत कुणीही पाऊल टाकायचं नाही, कारण न उडालेला सुरुंग तसाच जिवंत बसलेला असतो. खाण सोडून इतकी वर्षं झाली तरी त्यांची सवय गेली नव्हती. “सात,” सगळे म्हणाले आणि मग श्वास सोडला.

धूळ बसल्यावर दिसलं, आणखी दोन घरांच्या भिंती बसल्या होत्या. एक त्या सातव्याची. माणसं मात्र हसायला लागली. फोटो आधीच निघाले होते ना! तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी भाकरी आणि ठेचा पुढे केला. मी ती तशीच पिशवीत टाकली.

एस.टी.चा थांबा म्हणजे डांबरी रस्त्याकडेची एक बाभळ. मी एकटाच तिथे उभा होतो. मागून ती आली. चौकट तिने कुठे तरी ठेवली होती, रिकामी चुंबळ हातात होती.

“दादा, येक इचारू?”

“विचारा.”

“तुमी बारा फोटू म्हनला. पयला सकाळी काढला. मी ढिगाऱ्यामागं बसल्याली, पाटंपास्नं. तुमी पालथं पडून काढला, मी बघितलं. मग ह्या मानसांचं अकरा झालं. मग माझा कितवा?”

माझ्या अंगाचा भडका उडाला. चोरी सापडली की आधी राग येतो. “मावशी, तुम्हाला कॅमेऱ्यातलं काय कळतं?” मी ओरडलो. “मी काय इतक्या लांब तुम्हाला फसवायला आलोय?”

ती जराही मागे सरकली नाही. “कॅमेऱ्यातलं न्हाई कळत. मोजाया कळतं. परत्येक डावाला तुमी मागल्या लाल काचंत बघितलं. माझ्या डावाला न्हाई बघितलं.”

लांबून एस.टी.ची धूळ दिसायला लागली होती.

“मालक गेलं त्या दिशी नऊ लावलं हुतं,” ती म्हणाली. सांगताना तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. “मी आठ मोजलं. ह्येंनी बी आठच मोजलं. तवाच्या मुकादमानं बी आठच मोजलं आसनार. पर काम आडलं हुतं. त्यो म्हनला, दोन येका टायमाला वाजलं, चला आत. ह्ये गेलं.” तिने चुंबळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “कमी भरलं तर भरलं न्हाई म्हनून सांगायचं आसतं, दादा. सांगितलं की मानूस आत जात न्हाई. दुसरं कायतरी करतंय. मला तुमच्यावर राग न्हाई काढायचा. येवडंच सांगा. उद्या सायबाफुडं त्या फोटूवर इसंबून जाऊ का नगं?”

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

“नका जाऊ,” मी म्हटलं. “फोटो निघाला नाही. कॅमेरा कोरा होता.”

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने चुंबळीलाच पुसलं. “बरं झालं सांगितलं,” ती म्हणाली. “ज्यो सुरुंग वाजला न्हाई त्येला हात लावायचा न्हाई. ईतभर बाजूला दुसरं भोक पाडायचं.” आणि ती माळाकडे चालायला लागली. कंडक्टरने दोन हाका मारल्यावर मी गाडीत चढलो, आणि विट्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रडलो.

त्याच रात्री रोल धुतला. बाराही निगेटिव्ह स्वच्छ आल्या होत्या. पहिली सगळ्यांत सुंदर होती. मामा ती उजेडाकडे धरून म्हणाले, “हे काय काढलंस रे! पुण्याला पाठवून दे.” मी त्यांना काहीच सांगितलं नाही. अकरा प्रिंट काढल्या आणि मग त्या पहिल्या निगेटिव्हचीही एक, मोठी.

प्रांत कचेरीत मी पोचलो तेव्हा बाहेर शिपायाची आणि तिची बाचाबाची चालली होती. ती चौकट डोक्यावर घेऊन आली होती, उंबऱ्यासकट. रात्रीच्या मुक्कामाला वाटेत कुठे थांबली ते देव जाणे. “कागद आणतात मावशी, लाकडं नाही,” शिपाई म्हणत होता. शेवटी तात्या आणि दोघांनी मिळून ती चौकट आत नेली आणि साहेबांच्या टेबलासमोर भिंतीला टेकून उभी केली.

साहेबांनी अकरा फोटो टेबलावर ओळीने मांडले. बराच वेळ बघितले. “बारा अर्ज आहेत,” ते म्हणाले. “बाराव्याचा फोटो?”

मी पुढे झालो. पिशवीतून मोठी प्रिंट काढून समोर ठेवली.

“हा कशाचा?”

“सगळ्या ओळीचा, साहेब.”

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दारं मोजली. “अकरा. आणि पुढे हे काय आहे?”

“दगडांचा ढीग आहे साहेब तो,” कोपऱ्यातून तलाठी म्हणाला.

माझ्या डोक्यात रागाची तिडीक गेली, आणि लगेच कळलं की ती त्याच्यावरची नव्हे. सकाळी साडेसहाला माळावर उभं राहून मीही मनात हेच म्हटलं होतं.

“घर आहे ते,” मी म्हटलं. “बारावं. मीही ते मोजलं नाही. मलाही ढीगच वाटला, म्हणून हा फोटो मी माझ्या हौसेसाठी काढला. त्यामुळे यांच्या घरासाठी रोलात जागा उरली नाही. मग मी रिकामा कॅमेरा दाबला आणि काढला म्हणून सांगितलं.”

मागे माणसं कुजबुजली. मी वळून बघितलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे निरखून बघितलं, आणि कोरा कागद पुढे सारला. “हे सगळं लिहून द्या. सहीसकट.”

मी लिहीत असताना त्यांनी भिंग मागवलं. एकेक फोटो भिंगाखाली धरला आणि मग उठून भिंतीला टेकलेल्या चौकटीपाशी गेले. गणेशपट्टीवर बोट फिरवलं. तीन पाकळ्या. उंबऱ्यावरचं कालचं हळदकुंकू त्यांच्या बोटाला लागलं. ते त्यांनी रुमालाला पुसलं नाही, एवढं माझ्या लक्षात आहे. “निकाल कळवू,” ते म्हणाले. माझी मोठी प्रिंट त्यांनी फायलीत लावून घेतली. ती मला परत मिळाली नाही, आणि मी मागायला गेलो नाही. पुण्याच्या स्पर्धेची तारीख निघून गेली.

बाहेर पडल्यावर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. सातव्या घरचा, खांद्याला पट्टी बांधलेला माणूस जवळ आला. मला वाटलं आता मारतो. तो नुसता बघून निघून गेला. मार बसला असता तर बरं झालं असतं. ती मात्र जाताना म्हणाली, “येते, दादा.” त्या दोन शब्दांवर मी पुढचे कित्येक महिने काढले.

वर्षाने पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा शिकलेल्या माणसाचं, बोलणं तात्यांचं. बाराही जागा मंजूर झाल्या, घरं उभी राहिली, म्हाईच्या जत्रंआदी फोटू काढून जावा. आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, बाईनं सांगितलंय तुमालाच बलवायचं.

मी गेलो. नवा रोल घातलेला कॅमेरा, आणि पिशवीत आणखी एक रोल. गावठाणाच्या कडेला बारा नवी घरं, काही पत्र्याची, काही धाब्याची, आणि प्रत्येकाला तीच जुनी काळी चौकट. तात्यांनी पहिल्या घरापाशी मला थांबवलं. आतून चहा आला, पोरं गोळा झाली. “करा सुरवात,” ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलत होते.

“आलोच,” मी म्हटलं आणि ओळीच्या शेवटाला गेलो. तिचं घर सगळ्यांत लहान होतं, एका खोलीचं. ती दारातच उभी होती. उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू होतं. मी कॅमेरा छातीशी धरला, तिला भिंगात घेतलं आणि चाप चढवला.

“थांबा,” ती म्हणाली. “लाल काचंत बघितलं का?”

मागे जमलेली माणसं पुढे सरकली. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं.

मी जवळ गेलो आणि कॅमेऱ्याची पाठ तिच्यापुढे धरली. तिने वाकून, एक डोळा मिटून, काचेत नीट बघितलं.

“काठी दिसतीया,” ती म्हणाली. “येक हाय न्हवं?”

“एक आहे,” मी म्हटलं.

मग ती मागे सरकून उंबऱ्यात उभी राहिली.